लघु भयकथेत मृत्यू कुठे ठेवायचा? (गॉथिक घरं, तळघरं आणि नीट न मेलेली माणसं)

मंद्र

(आधीच सांगते, खाली बऱ्याच जुन्या कथांचे शेवट फुटणार आहेत. ज्यांना वाचायच्या आहेत त्यांनी आधी वाचून या.)

हल्ली ज्या छोट्या भयकथा वाचायला मिळतात त्यातल्या कितीतरी कथांत मृत्यू शेवटच्या ओळीत येतो. 'ती बाई तर दहा वर्षांपूर्वीच वारली' किंवा मग निवेदकच मेलेला निघतो, की संपली कथा. पहिल्या वाचनात दचकायला होतं, नाही असं नाही, पण दुसऱ्यांदा वाचायला घ्यावी तर हाताला काहीच लागत नाही कारण सगळी कथा त्या एका माहितीसाठी रचलेली असते आणि ती माहिती आता आपल्याकडे असते. माझं म्हणणं असं की गॉथिक परंपरेत (जुने वाडे आणि घराण्यांची गुपितं यांवर उभ्या असलेल्या भयकथांत) हे बरोबर उलटं आहे, तिथे मृत्यू आधी होतो आणि कथा त्यानंतर सुरू होते.

अगदी मुळाशी जाऊ. होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' १७६४ ची, गॉथिक कादंबरीची सुरुवात तिथून धरतात. तिच्यात पहिल्याच काही पानांत लग्नाच्या दिवशी नवरामुलगा एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. पुढचं सगळं पुस्तक या प्रश्नावर चालतं की हा किल्ला खरा कोणाचा, आणि आत्ता जे त्यात राहतायत त्यांना तो कसा मिळाला. मला वाटतं गॉथिकमधला वाडा, तळघर, तसबिरी, जुनी पत्रं, कुलूपबंद खोली हे सगळं इथून समजून घ्यायला हवं. ती नुसती सजावट नाहीये. जिवंत माणसं मेलेल्यांच्या मालमत्तेत राहतायत आणि मेलेल्यांचा हक्क अजून सुटलेला नाही, भीती आहे ती याची. ज्या कथेत वाडा आहे, वटवाघळं आहेत, वीज कडाडतेय पण त्या वास्तूचा त्या मृत्यूशी काही व्यवहारच नाही ती कथा मला गॉथिक वाटत नाही, मग कितीही अंधार असू दे.

आता लघुकथेचा प्रश्न वेगळा. कादंबरीत चार पिढ्यांचे मृत्यू मावतात, कथेत नाही. एडगर ॲलन पो याने १८४२ साली हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाच्या कथांवर लिहिताना मांडलं होतं की कथा अर्ध्या तासापासून फार तर एकदोन तासांत, एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातलं प्रत्येक वाक्य एकाच ठरवलेल्या परिणामाकडे जाणारं असावं. त्या आधी तीन वर्षं, १८३९ मधे, त्याने 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' लिहिली होती. त्यात रॉडरिक अशरची बहीण मॅडलीन आजारी आहे, मधूनमधून तिचं शरीर ताठरतं, मेल्यासारखं होतं. हे आपल्याला आधीच सांगितलेलं आहे. मग ती 'जाते'. भाऊ आणि निवेदक मिळून तिला तळघरात नेऊन ठेवतात, शवपेटीचं झाकण स्क्रूने आवळतात, आणि त्या आधी क्षणभर चेहरा बघतात तर गालावर किंचित लाली आणि ओठांवर हसू. निवेदक स्वतःची समजूत घालतो की या दुखण्यात असं होतंच. आणि ते तळघर नेमकं त्याच्या झोपायच्या खोलीच्या खाली आहे! पो हे एका वाक्यात सांगून पुढे निघून जातो, पण त्यानंतर त्या खोलीतली प्रत्येक रात्र वेगळी वाचली जाते.

इथे वाचकापासून लपवलेलं जवळजवळ काहीच नाही. ती जिवंत असावी असं आपल्याला केव्हाच वाटायला लागलेलं असतं. भीती याची की भावालाही ते कळलंय. शेवटी तो म्हणतोच की मी किती दिवसांपासून तिची हालचाल ऐकतोय, बोलायची हिंमत झाली नाही.

तुमची मतं सांगा. लिहिणाऱ्यांनी तर नक्कीच.

अर्धविराम

मंद्र, धागा आवडला पण मुख्य मुद्दा पटला नाही. शेवटच्या ओळीतल्या मृत्यूला सरसकट नावं ठेवता येणार नाहीत. अँब्रोज बिअर्सची 'ॲन अकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज' (१८९०) घ्या. फाशी दिला जाणारा माणूस, दोर तुटतो, तो नदीत पडतो, पोहतो, जंगलातून चालत घरी पोचतो, बायको समोर दिसते, आणि शेवटच्या वाक्यात तो पुलाखाली लटकतोय, मान मोडलेली. हा तर शुद्ध ट्विस्ट झाला की. आणि इतकी वर्षं लोक ती कथा पुन्हा पुन्हा वाचतायत.

मंद्र

अर्धविराम, उदाहरण छान काढलंत, पण मला तर ते माझ्या बाजूचं वाटतं :) पहिली तीन वाक्यं आठवा. माणूस रेल्वेच्या पुलावर उभा आहे, खाली वीस फुटांवर वेगाचं पाणी, हात मागे बांधलेले, गळ्यात दोर. मृत्यू तिसऱ्या वाक्यातच गळ्यात पडलेला आहे. नंतर त्याला कसलेतरी ठोके ऐकू येतात, लोहाराच्या ऐरणीवर घण पडावा तसे, एकेक ठोका आधीच्यापेक्षा उशिरा येणारा, आणि असह्य होतं तेव्हा कळतं की ते त्याच्या स्वतःच्या घड्याळाची टिकटिक आहे. म्हणजे वेळ ताणला जातोय हे बिअर्सने उघड सांगितलंय. सुटका झाली यावर आपण विश्वास ठेवतो कारण आपल्याला तो ठेवायचा असतो. शेवटचं वाक्य नवी बातमी देत नाही, आपण जी बाजूला सारली होती ती परत समोर ठेवतं.

मला खटकतो तो ट्विस्ट ज्याची एकही खूण आधी नसते किंवा असते ती नुसती फसवायला. निवेदक मेलेला आहे हे जर शेवटीच कळणार असेल तर त्याच्या मेलेपणाने मधल्या पानांत काय केलं? लोक त्याच्याशी बोलत नाहीत एवढंच? ते पुरत नाही.

दिवाभीत

वा, माझा आवडता विषय. थोडी इतिहासाची भर घालतो कारण ही भीती लेखकांनी हवेतून काढलेली नव्हती.

माणूस मेला की नाही हे खात्रीने सांगणं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात खरोखर अवघड होतं. स्टेथोस्कोपच १८१६ चा. १८व्या शतकाच्या अखेरीपासून जर्मनीत खास प्रेतगृहं बांधायला लागले, तिथे मृतदेह सडायला लागेपर्यंत ठेवायचे आणि काही ठिकाणी बोटाला दोरी बांधून ती घंटेला जोडायचे, हालचाल झाली तर पहारेकऱ्याला कळावं म्हणून. आतून घंटा वाजवता येईल, हवा येईल अशा शवपेट्यांची पेटंट्स घेतली गेली. पोची 'द प्रीमॅच्युअर बरिअल' १८४४ ची, तिच्यातला निवेदक याच धास्तीने घराण्याचं तळघर आतून उघडेल असं करून घेतो, पेटीला भोक पाडून घंटेची दोरी प्रेताच्या हाताला बांधायची असंही ठरवतो. म्हणजे कथेतली युक्ती त्या काळच्या वाचकाला अजिबात विचित्र वाटली नसणार.

दुसरी भीती प्रेतं चोरीला जाण्याची. वैद्यकीय शिक्षणासाठी मृतदेह कमी पडायचे, मग थडगी उकरून विकायचे. एडिंबरामधे बर्क आणि हेअर या दोघांनी तर १८२८ पर्यंतच्या वर्षभरात १६ खून केले, प्रेतं शरीरशास्त्राच्या मास्तरांना विकायला. त्यानंतर १८३२ मधे ब्रिटनमधे ॲनाटॉमी ॲक्ट आला, मृतदेह कायदेशीर मार्गाने मिळावेत म्हणून. आता अशरमधे परत जाऊन बघा, मॅडलीनला लगेच न पुरता पंधरा दिवस तळघरात का ठेवायचं याचं कारण रॉडरिक काय देतो? तिच्या दुर्मिळ आजारामुळे डॉक्टर लोक फारच चौकशा करतायत आणि घराण्याचं दफनस्थान लांब, उघड्यावर आहे. आपण आज ते वाक्य वाचून पुढे जातो, त्या काळच्या वाचकाला लगेच उमगलं असणार की हा प्रेतचोरांना घाबरतोय. प्रेताचं रक्षण करायला म्हणून पेटी आवळली आणि त्यानेच ती जिवंत अडकली.

मंद्र

दिवाभीत, ही डॉक्टरांची गोष्ट इतकी नीट कधी जोडून पाहिली नव्हती, मनापासून धन्यवाद. आता ती कथा परत वाचणार आज.

पानगळ

मला 'द मंकीज पॉ' बद्दल बोलायचंय (डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स, १९०२), कारण लघु भयकथेत मृत्यू कसा हाताळावा याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही आणि तिच्यात वाडाबिडा काही नाही, साधं घर, आई बाप आणि तरुण मुलगा.

तीन इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या वाळक्या पंजावर बाप २०० पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून माणूस येतो, मुलगा मशीनमधे सापडून गेला, कंपनी जबाबदारी घेत नाही पण भरपाई देतेय, किती तर २०० पौंड. इथे बहुतेक जण कथा संपवतील. जेकब्स संपवत नाही, खरी कथा इथून पुढे आहे. आई म्हणते पंजावर त्याला परत मागा. बाप म्हणतो अगं त्याला जाऊन दहा दिवस झाले, आणि तेव्हाही मी त्याला फक्त कपड्यांवरून ओळखलं होतं. हे एक वाक्य! प्रेताचं वर्णन म्हणून एवढंच आहे कथेत. बाकी सगळं आपण करतो.

मग दारावर थाप. आई खाली धावते, वरची कडी हाताला पुरत नाही म्हणून खुर्ची ओढत आणते, त्या खुर्चीचा आवाज, आणि वरच्या खोलीत बाप अंधारात गुडघ्यांवर रांगत तो पंजा शोधतोय. कडी सरकते आणि त्याच क्षणी तो तिसरी इच्छा मागतो. दार उघडतं तर बाहेर रस्ता रिकामा, समोरचा दिवा लुकलुकतोय. बाहेर काय उभं होतं ते आपण बघतच नाही.

मला जे कायम हलवतं ते हे की दोघंही प्रेमापोटीच वागतायत. आईला मुलगा हवाय, बापाला त्याची सुटका हवीये. भूत वाईट आहे म्हणून भीती नाही, ते आपलं आहे म्हणून भीती आहे. आणि घरच्यांनी दार उघडायचं की नाही हा निर्णय ज्या कथेत आहे तिथे मृत्यू नुसता घडत नाही, त्याच्याशी माणसाला काहीतरी करावं लागतं.

अर्धविराम

पानगळ, हे फार छान लिहिलंत. दिसत नाही ते जास्त घाबरवतं, हे गॉथिक कादंबरीकार ॲन रॅडक्लिफनेही मांडून ठेवलंय ना? तिच्या मृत्यूनंतर १८२६ मधे छापलेल्या लेखात तिने दोन प्रकारची भीती वेगळी केली, एक जी संदिग्ध असते, मनाला जागं करते, ताणते, आणि दुसरी जी थेट समोर येते आणि माणसाला गोठवून टाकते. जेकब्सने पूर्ण पहिली वापरली.

पण मला दुसऱ्या प्रकाराचीही बाजू घ्यायचीये, नाहीतर सगळे म्हणायला लागतील की काही दाखवूच नका. पोची 'द फॅक्ट्स इन द केस ऑफ एम. वाल्डमार' (१८४५) बघा. मरणाच्या दारातल्या माणसाला संमोहित करतात आणि तो जवळजवळ सात महिने तसाच लटकत राहतो. जबडा हलत नाही, फक्त जीभ थरथरते आणि आवाज येतो की मी झोपलो होतो आणि आता मी मेलोय. शेवटी जागं करतात तर मिनिटभरात सगळं शरीर सडून पलंगावर ओघळतं. किळसवाणं आहे आणि तसंच हवं होतं, कारण सात महिने थांबवून ठेवलेला मृत्यू एकदम वसूल होतो. ते दाखवलं नसतं तर कथा अपुरी राहिली असती.

मंद्र

अर्धविराम +१. दाखवायचं की नाही यापेक्षा ते दाखवणं कथेने कमावलंय का, हे बघायला हवं. वाल्डमारमधे ते कमावलेलं आहे.

शब्दवेडी

उशिरा येतेय. वाल्डमारवरून मला रवींद्रनाथ ठाकुरांची 'जीवित ओ मृत' (१८९२) आठवली. विधवा कादंबिनी अचानक निपचित पडते, लोक तिला स्मशानात नेतात, लाकडं यायला उशीर, पावसाळी रात्र, आणि ती शुद्धीवर येते. न्यायला आलेले लोक प्रेत सापडत नाही म्हणून घरी जाऊन खुशाल सांगतात की दहन केलं. इथपर्यंत ती पोच्या जिवंत पुरण्याच्या कथांसारखीच वाटेल. पण ठाकुर काय करतात, तिला स्वतःलाच वाटायला लागतं की आपण मेलोय, आपण आपलंच भूत आहोत. मैत्रिणीच्या घरी राहते पण जिवंत माणसांत मिसळता येत नाही. ज्या लहान पुतण्याला तिने वाढवलं त्याला बघायला म्हणून सासरी परतते तेव्हा मोठी माणसं भूत म्हणून घाबरतात. शेवटी ती तळ्यात उडी घेते, आणि तेव्हा कुठे सिद्ध होतं की ती आधी मेली नव्हती.

भूत एकही नाही कथेत. पण विधवेला तसंही घरात मेल्यातच जमा धरलेलं असतं, तेच तिने स्वतःबद्दल खरं मानलं. मला ही कथा पोपेक्षा जास्त भयंकर वाटते. मंद्रच्या मुद्द्याला धरून म्हणायचं तर इथे मृत्यू आधीही आहे आणि शेवटीही, आणि दोन्हीच्या मधे जे आहे ते जगणं म्हणता येत नाही.

आणि एक तक्रारही आहे. गॉथिक कथांत मरते ती कायम बाईच, आणि सुंदर बाई. पोने तर १८४६ च्या निबंधात उघडच लिहिलंय की सुंदर स्त्रीचा मृत्यू हा जगातला सर्वात काव्यमय विषय. तिच्या मरणाचं दुःख करणारा पुरुष बोलतो, ती स्वतः कुठे बोलते?

मंद्र

शब्दवेडी, तक्रार रास्त आहे आणि मला ती टाळायची नाही. मॅडलीन संपूर्ण कथेत एक वाक्य बोलत नाही. फक्त एवढं म्हणेन की पोच्या बायका मेलेल्या राहत नाहीत, मॅडलीन रक्ताळलेल्या कपड्यांत दारात उभी राहते, 'लिजिया' कथेतली लिजिया नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोच्या शरीरातून परत येते. त्यांना गप्प केल्याची किंमत कथा वसूल करते, पण करते ती पुरुषाच्या नजरेतूनच, हे खरं.

म्हणूनच मला शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' (१८९२, योगायोगाने तेच वर्ष) फार महत्त्वाची वाटते. मृत्यू नाही, प्रेत नाही, पण घर गॉथिक आहे, खिडक्यांना गज आहेत, आणि विश्रांती म्हणून कोंडलेली बाई स्वतः बोलतेय. मॅडलीनने पेटीच्या आतून रोजनिशी लिहिली असती तर ती अशीच झाली असती असं मला नेहमी वाटतं.

आणि फॉकनरची 'अ रोज फॉर एमिली' (१९३०). पहिलंच वाक्य एमिलीच्या अंत्ययात्रेचं. मग काळ मागेपुढे होत राहतो, घरातून येणारी दुर्गंधी, तिने विकत घेतलेलं आर्सेनिक, बाप मेल्यावर तीन दिवस ते न मानणं, सगळं सांगून होतं. ४० वर्षं कोणी न पाहिलेली वरची खोली उघडतात तेव्हा आत काय असणार हे आपल्याला कळलेलं असतं. तरी तिच्या प्रियकराच्या प्रेताशेजारच्या उशीवरचा तिचा तो करडा केस बघून अंगावर काटा येतो, कारण प्रेत अपेक्षित होतं, केस नव्हता. आपण मृत्यू शोधत होतो आणि सापडते ती तिची तिथली सोबत, तेही केस पिकेपर्यंतची.

निळाई

मराठीतलं कोणीच काढलं नाही म्हणून लिहितेय. नारायण धारपांकडे (१९२५-२००८) अमानवी शक्ती बहुतेक वेळा बाहेरून येते आणि तिला तोंड देणारं कोणीतरी असतं, त्यांच्या कथांतल्या समर्थ या पात्रासारखं. त्यामुळे मृत्यू भयंकर असला तरी जगाची घडी परत बसू शकते. रत्नाकर मतकरींच्या (१९३८-२०२०) गूढकथांत मला ती खात्री कमी वाटते, गडबड माणसाच्या मनात आणि अगदी रोजच्या घरात असते. दोघंही वाचत मोठी झाले आणि मला दोन्ही हवेत.

आता माझा प्रश्न. मी एक कथा लिहितेय, अडकलीये. बहीण जुनं घर विकण्याआधी सामान आवरायला येते, भाऊ मदतीला आलेला असतो, दोघं गप्पा मारतात, जुन्या आठवणी, आणि शेवटी कळतं की भाऊ लहानपणीच त्या घरात वारला होता. हा धागा वाचल्यावर कळतंय की हेच ते शेवटच्या ओळीतलं मरण. काय करू?

मंद्र

निळाई, कथा टाकून देऊ नका, चांगली आहे. भाऊ वारलाय हे दुसऱ्या परिच्छेदात सांगून टाका, बहिणीच्या तोंडून, सहज. मग तो येऊ दे. ती घाबरत नाही, त्याला काम सांगते, ही चादर धर, त्या टोकाने घडी घाल. वाचक विचारेल ही घाबरत का नाही, आणि कथा तिथून चालायला लागेल.

शिवाय घराला काहीतरी ठाऊक असू द्या. तो कसा वारला? समजा त्याच्या खोलीला कडी बाहेरून आहे. लहान मुलाच्या खोलीला बाहेरून कडी कोणी लावली आणि त्या रात्री ती कोणी काढली नाही, हे दोघांनाही माहीत आहे आणि दिवसभर दोघंही त्या खोलीचं सामान सोडून बाकी सगळं आवरतात. एवढं झालं की घर, मृत्यू आणि बहीण तिन्ही एकमेकांत अडकतात आणि घर विकण्यालाही अर्थ येतो.

पानगळ

कडी बाहेरून, हे भारी आहे. माझी एक भर, त्याला मोठा करू नका. वारला तेव्हाच्याच वयाचा ठेवा, ती चाळिशीची आणि तो नऊ वर्षांचा, पण बोलताना तो अजूनही तिला धाकटी समजतो. चादर धरताना हात पुरत नाहीत त्याचे, तिला वाकावं लागतं.

दिवाभीत

आणि शेवटी ती खोली उघडते की नाही ते लिहा, टाळू नका. उघडली तर आत काय, यावर घाई नको, पण तिने कडीला हात घातलेला दिसायला हवा. अंदाज वाचकावर सोडायच्या नावाखाली अर्धवट सोडलेल्या कथा फार झाल्यात.

निळाई

तिघांचेही आभार. वयाचं तर सुचलंच नव्हतं, तो मोठा भाऊ होता आणि आता लहान आहे, यात अख्खी कथा आहे. कडी तिने स्वतःच लावली होती असं करतेय, सहा वर्षांची असताना, खेळता खेळता. आई वडिलांना कधी कळलं नाही. नवीन ड्राफ्ट झाला की वेगळा धागा काढते.

मंद्र

मग कडी सहा वर्षांच्या मुलीचा हात पोचेल इतकी खाली हवी. ते पहिल्याच पानावर दाखवून ठेवा, घर बघायला आलेल्या माणसाच्या तोंडी, की ही कडी इतकी खाली का बसवलीये.